खोडलेल्या शेहेचाळीस ओळी

भिंगबाई हे नाव त्यांना बँकेतल्या शिपायाने दिले, आणि ते इतके चिकटले की निरोप समारंभात खुद्द व्यवस्थापकांनीही भाषणात तेच वापरले. एकोणिसाव्या वर्षी त्या सह्या पडताळण्याच्या खोलीत शिरल्या आणि एकोणचाळीस वर्षांनी बाहेर पडल्या. खोली लहान होती. उत्तरेकडे एक खिडकी, खिडकीशी काचेचे टेबल, टेबलावर भिंग, टेबलाखाली दिवा आणि तिन्ही भिंतींना कार्डांचे लाकडी खण. कोणीही कागद आणला की त्यावरची सही आणि कार्डावरची सही शेजारी शेजारी ठेवायची आणि ठरवायचे, हात तोच आहे की नाही. दिवसाला दोनशे, कधी अडीचशे. बाकीच्यांना वाटे, या बाई आत बसून काय करतात कोण जाणे. दुपारचा चहासुद्धा त्या खोलीबाहेर येऊन पीत, कारण एका थेंबाने एखाद्याची सही फुगली असती.

पहिल्या साहेबांनी त्यांना शिकवले ते थोडेच होते. सही एक तर केलेली असते, नाही तर काढलेली. केलेली सही घाईची, वाकडी, दर वेळी जराशी निराळी. काढलेली सही सावकाश, सुबक, चित्रासारखी. आणि दोन सह्या तंतोतंत सारख्या दिसल्या, तर खूश व्हायचे नाही, दोन्ही बाजूला काढून ठेवायच्या. माणसाचा हात तेच तेच दोनदा करत नाही.

निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षे झाली होती आणि यजमान जाऊन सहा. लेक त्याच शहरात, दोन बसथांब्यांवर राहत होती. जावई नौदलाच्या गोदीत फिटर होता. पाणबुड्या दुरुस्तीला तिथेच येत. शहरातल्या निम्म्या चुली त्या गोदीवर पेटत होत्या, म्हणून त्या पाणबुड्यांच्या पोटात काय असते याविषयी जेवताना कोणी बोलत नसे.

त्या वर्षी सरकारने जाहीर केले की ती अण्वस्त्रे आता जुनी झाली, सगळीच्या सगळी नवी करायची, म्हणजे आणखी तीस वर्षे बघायला नको. भिंगबाईंनी बातमी ऐकली आणि त्यांच्या मनात पहिला प्रश्न आला तो त्यांच्या धंद्यातलाच. एखाद्या म्हातारीची बँकेतली पेटी उघडून द्यायची तरी त्यांच्या खोलीत दोन माणसांनी पाहिल्याशिवाय कागद पुढे सरकत नसे. आणि लाखभर माणसे एका सकाळी भाजून काढण्याचा हुकूम एकट्या माणसाने द्यायचा, तो बरोबर आहे की वेडाच्या भरात आहे हे ताडून बघायला कोणी नाही? त्यांनी आपल्या भागाच्या प्रतिनिधीला पत्र लिहिले. सभागृहात विरोध करा, अशी विनंती केली आणि हा प्रश्नही विचारला.

सतरा दिवसांनी उत्तर आले. ‘आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे.’ प्रश्नाचा उल्लेखही नव्हता. त्यांनी दुसरे पत्र लिहिले, प्रश्नाखाली रेघ मारून. तेच उत्तर. तिसऱ्या पत्रात त्यांनी लिहिले की भावनांची नोंद नको, प्रश्नाचे उत्तर हवे. तिसरे उत्तर आले तेव्हा त्यांनी तिन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. तिन्ही सह्या एकमेकींत अशा मिसळल्या की एकच सही दिसावी. शेवटचा ठिपकासुद्धा ठिपक्यावर.

सही यंत्राची होती. प्रतिनिधी विरुद्ध मताचा असता तर भिंगबाई भांडल्या असत्या. इथे भांडायला समोर माणूसच नव्हता. हा राग त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात जाऊन बसला.

समोरच्या इमारतीत भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक राहत. त्यांना सगळे सर म्हणत. त्यांनीही पत्रे लिहिली होती, त्यांनाही भावनांची नोंद मिळाली होती. नियमांचे पुस्तक उकरून त्यांनीच वाट शोधली. मतदारसंघातल्या पाचशे माणसांनी स्वतःच्या हाताने सही केलेला अर्ज दिला, तर मतदानाआधी प्रतिनिधीला सभागृहात स्वतः उभे राहून त्यातली मागणी मोठ्याने वाचावी लागते. पटो न पटो, वाचावीच लागते. भिंगबाईंना हे फार आवडले. पत्राला यंत्र सही करते, पण सभागृहात यंत्र उभे राहत नाही.

मागणीचा मजकूर दोघांनी मिळून केला, आणि तो करताना दोनदा भांडण झाले. सरांनी पत्रकावर छापायला शहराचा नकाशा आणला होता आणि त्यावर कंपासने तीन वर्तुळे काढली होती. पहिल्यात शाळा, दुसऱ्यात इस्पितळ, तिसऱ्यात रेल्वेचे स्थानक. भिंगबाई म्हणाल्या, “वर्तुळं आपल्या गावावर कशाला काढताय सर? ही शस्त्रं आपली आहेत. आपण ज्यांच्यावर टाकणार त्यांच्या गावावर काढा.” सरांनी विचारले, त्यांचे गाव कोणते, हे कोणाला ठाऊक आहे का. भिंगबाई म्हणाल्या, तेच तर. शेवटी नकाशा गेला आणि दोन वाक्ये राहिली. ‘अण्वस्त्रांच्या नूतनीकरणाला आमच्या वतीने विरोध करावा. जे वापरल्यावर माफी मागायलाही कोणी उरणार नाही, ते आमच्या नावाने ठेवू नये.’

पाच आठवडे दोघे सह्या गोळा करत हिंडले. औषधवाला म्हणाला, त्यांच्याकडे आहे म्हणून आपल्याला ठेवावे लागते. भिंगबाईंनी विचारले, आणि ते काय म्हणत असतील? औषधवाला हसला आणि सही करून मोकळा झाला. केस कापणाऱ्याने आधी सगळे ऐकून घेतले, मग सांगितले की अर्धी गिऱ्हाइके गोदीची आहेत, मला आत ओढू नका. लेकीनेही तेच सांगितले होते, जरा कडक शब्दांत. “आई, तुला काय करायचं ते कर. आमच्या घरातलं नाव त्या कागदावर येता कामा नये. ह्यांचं पोट तिथे आहे.” भिंगबाईंनी मान हलवली. यात चूक काहीच नव्हते.

विधेयक पुढच्या मंगळवारी यायचे होते, अर्जाची मुदत शुक्रवारी पाचपर्यंत. सोमवारी सकाळी सरांनी सव्वीस पाने भिंगबाईंच्या टेबलावर आणून ठेवली. पानाला वीस ओळी, शेवटच्या पानावर एक ओळ रिकामी. पाचशे एकोणीस. सर इतके खुशीत होते की त्यांनी बिनसाखरेचा चहा साखर घालून मागितला.

“ठेवून जा,” भिंगबाई म्हणाल्या. “उद्या उजेडात एकदा बघून घेते.”

“बघायचं काय त्यात? मोजून आणलेत.”

“मोजणं वेगळं, बघणं वेगळं.”

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी त्या खिडकीशी बसल्या आणि पावणेएकला उठल्या. शेहेचाळीस ओळी खोट्या होत्या. खोट्या म्हणजे कोणी फसवायला बसले होते असे नाही. घरातल्या कर्त्याने सगळ्या घरादाराच्या सह्या एका दमात ठोकून दिल्या होत्या. बाप, आई, बायको, दोन मुलगे, पाची नावे एका हाताची, एका शाईची, एकाच बाजूला कलंडलेली. एका बाईने तर परदेशी गेलेल्या भावाचीही सही केली होती आणि व्यवसायाच्या रकान्यात ‘सध्या तिकडे’ असे लिहिले होते.

सोळाव्या पानावरची सातवी ओळ त्यांनी दोनदा पाहिली. लेकीचे नाव होते. अक्षर लेकीचे नव्हते. प्रत्येक उभी रेघ वरून खाली अशी दाबलेली की पान उलटे करून बोट फिरवले तर उंचवटा लागावा. हातोडीने छिन्नी ठोकणारा माणूस पेनही तसेच धरतो. नातवाच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर त्यांनी हा दाब दरवर्षी पाहिला होता. बायको नको म्हणत होती आणि नवऱ्याने तिच्या नावाने सही केली होती, कारण स्वतःच्या नावाने करायची सोय नव्हती. चौदा वर्षांत सासू आणि जावई या विषयावर एक शब्द बोलले नव्हते. मग पट्टी आणि शाईचे पेन घेऊन त्यांनी शेहेचाळीसही ओळींवर सरळ रेघा मारल्या. सातवी ओळही त्यात आली.

दुपारी सर आले आणि पाने पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

“पेन्सिलीने तरी खुणा करायच्या होत्या,” ते म्हणाले. “शाईने मारल्यात.”

भिंगबाईंनी पान उलटून मागचा बारीक छापील नियम दाखवला. एकही सही दुसऱ्याने केल्याचे आढळल्यास संपूर्ण अर्ज बाद. सर म्हणाले, ते कोणी तपासत नाही. भिंगबाई म्हणाल्या, एकोणचाळीस वर्षे तपासत होते ते कोण होते मग? सरांचा आवाज चढला. तुमच्या त्या खोलीतून तुम्ही अजून बाहेरच आला नाहीत, असे त्यांनी ऐकवले. भिंगबाईही गप्प बसल्या नाहीत. ज्या यंत्राच्या सहीने आपल्या अंगाची आग झाली, तेच आपण करायचे का? त्याने कोणाला न विचारता आपल्याला उत्तर दिले, आपण कोणाला न विचारता त्याला प्रश्न करायचा? सरांना ते पटले नाही. चारशे त्र्याहत्तर उरल्या होत्या. सत्तावीस कमी, हातात तीन दिवस.

मग त्या शेहेचाळीस सह्यांसाठी दारोदार फेरा सुरू झाला. सर बोलत नव्हते, पण सोबत येत होते. तीन मजले चढून गेले की दोघेही जिन्यात धापा टाकत उभे राहत आणि तेवढ्यापुरता समेट होई.

पहिल्याच दाराशी पाची सह्या ठोकणारा माणूस भेटला. दुरुस्तीला आलेल्या शिलाई यंत्रांच्या पसाऱ्यात तो बसला होता. घरच्यांची सही मी केली तर बिघडले काय, हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही. बायकोला बोलवा, असे भिंगबाईंनी चारदा सांगितले तेव्हा त्याने आत हाक मारली. बायको हात पुसत आली, दोन्ही वाक्ये तिने सावकाश वाचली आणि म्हणाली, “मला नाही करायची. असू देत ती अस्त्रं. भीती वाटते मला.” नवरा तिच्याकडे बघतच राहिला. पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोला एखादे मत आहे, हे त्याला पहिल्यांदाच समजत असावे. भिंगबाईंनी तिला विचारले, कसली भीती वाटते? ती म्हणाली, ते आले तर? भिंगबाई म्हणाल्या, आले तर ही चालवून ते थांबतील का? बाईने विचार केला. “ते माहीत नाही. पण सही नाही करणार. तुम्ही मला विचारलंत हे मात्र बरं केलंत.” त्या घरातून एक आजी मिळाली, तीही आपले नाव लिहायला चार मिनिटे घेऊन. सर जिन्यात म्हणाले, “छान. एक सही आली आणि एक विरोधक तयार केला.”

गुरुवारी संध्याकाळपर्यंत असेच चालले. कोणी घरी नव्हते, कोणी आता घाई आहे म्हणाले, एका मुलीने आपल्या बापाला दारातच खडसावले की माझ्या नावाने परत काही केलेस तर बघ. नाकी नऊ आले तेव्हा शेहेचाळिसांतून सोळा हाती लागल्या. चारशे एकोणनव्वद. लेकीच्या दाराशी भिंगबाई गेल्या नाहीत.

शुक्रवारी जावयाची पहिली पाळी होती. तीनला सुटला तो सासूबाईंना कचेरीत सोडायला कामाच्या कपड्यांतच गाडी घेऊन आला, गोदीचा बिल्ला गळ्यात तसाच. सोमवारपर्यंत मुदत मिळते का, हे प्रतिनिधीच्या कचेरीत विचारून बघू, असे सरांनी ठरवले होते. गाडीत सर पुढे बसले, भिंगबाई मागे, मांडीवर पाने. जावयाने आरशातून एकदा पानांकडे पाहिले. किती झाल्या, असे विचारले. सरांनी सांगितले, अकरा कमी, आणि शेहेचाळीस कोणी खोडल्या तेही सांगितले. सिग्नल हिरवा झाल्यावरही गाडी जराशी उशिरानेच निघाली.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर, खाली दातांचा दवाखाना. बाकावर दहाबारा माणसे आपापले कागद घेऊन वाट बघत होती. खिडकीमागच्या सहायक बाईने पाने हातात घेतली, सरर्कन चाळली आणि म्हणाली, “एवढं खोडलंय कशाला?”

भिंगबाईंनी कारण सांगितले. सहायक बाईने त्यांच्याकडे असे पाहिले, जसे आजारी माणसाकडे बघतात.

“अहो, आम्ही सह्या कुठे वाचतो? पानं मोजतो आणि विसाने गुणतो. तुमची सव्वीस पानं होती, म्हणजे झालंच होतं तुमचं. आता रेघा दिसतायत म्हटल्यावर मला एक एक ओळ मोजावी लागणार.”

“मग मागे छापलंय ते? आढळल्यास बाद?”

“आढळायला कोणीतरी बघायला हवं ना.”

तीन वाजून पन्नास मिनिटे झाली होती. मुदत वाढणार नव्हती, साहेब दौऱ्यावर होते, पाचला खिडकी बंद होणार होती. सर भिंतीला धरून उभे राहिले. ते ओरडले असते तर भिंगबाईंना सोपे गेले असते. ते फक्त म्हणाले, “पाच आठवडे, बाई,” आणि जिना उतरून पायीच घरी निघून गेले.

भिंगबाई बाकावर टेकल्या. ज्या कामाचा त्यांना जन्मभर अभिमान होता, त्या कामाने सगळे मातीत घातले होते. आणि तरीही त्या ओळी पुन्हा समोर आल्या असत्या तर त्यांनी पुन्हा खोडल्या असत्या, हे त्यांना पक्के ठाऊक होते. सगळ्यात जास्त राग त्याचाच येत होता. शेजारी काठी घेतलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारले, तुमचे काम झाले का? भिंगबाई म्हणाल्या, नाही. तुमचे? गृहस्थ म्हणाले, रस्त्यावरच्या दिव्यासाठी ही सहावी खेप. मलाही पत्र आले आहे, भावनांची नोंद घेतली म्हणून.

भिंगबाईंनी मान वर केली. या बाकांवर बसलेला प्रत्येक जण याच मतदारसंघाचा होता, त्याशिवाय तो इथे आलाच नसता. त्यांनी शेवटचे, नव्या सह्यांचे पान पुढे केले. चार-पाच ओळी त्यावर रिकाम्या होत्या, आणि कोरे पान पिशवीत होते.

काठीवाल्यांनी सही केली. त्यांच्या पलीकडच्या मुलीने दोन प्रश्न विचारून केली. एका बाईने सांगितले, आधी माझा हा अर्ज भरून द्या, मला त्यातले ओ की ठो कळत नाही. भिंगबाईंनी तो भरून दिला, त्यात सात मिनिटे गेली. सहायक बाईने खिडकीतून आवाज दिला की कचेरीत प्रचार चालत नाही. भिंगबाई उठून जिन्यात गेल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गाठू लागल्या. दातांच्या दवाखान्यातून गाल सुजलेला एक माणूस बाहेर आला, त्याला बोलता येत नव्हते, त्याने वाचले आणि निमूटपणे सही केली. साडेचारला आठ झाल्या होत्या. तीन कमी.

पायऱ्यांवर एक जाडजूड गृहस्थ बायकोसह उभे होते. घरपट्टीच्या कागदासाठी आले होते. त्यांनी पान हातातही घेतले नाही. तुम्हा लोकांना काय जाते, म्हणाले, गोदी बंद पडली तर तिथल्या लोकांनी काय करायचे, त्यांना कधी विचारलेत का? भिंगबाई उत्तर द्यायला लागल्या आणि त्यांचा आवाजच फुटेना. चार दिवस त्या बोलतच होत्या.

जावई खालून वर येत होता. एवढा वेळ का लागला, हे बघायला आला असावा. त्याने ते वाक्य ऐकले, दोन पायऱ्या चढला आणि हात पुढे केला.

“आई, पेन द्या.”

भिंगबाईंनी पेन मुठीत धरले. “तुम्ही नको,” त्या हळू म्हणाल्या. “ही पानं सभागृहाच्या दप्तरात जातात. कोणीही मागून बघू शकतो.”

“माहीत आहे.”

“घरी विचारलंत?”

“नाही,” तो म्हणाला. “मागच्या वेळी तिच्या नावाने केली होती. ती तुम्ही खोडली असणारच.”

“खोडली.”

“बरं केलंत.”

तीन दिवस त्या दारोदार एकच सांगत हिंडल्या होत्या, सही ज्याची त्याने करायची, दुसऱ्याने त्याच्या वतीने ठरवायचे नाही. आता मूठ उघडली नाही तर ते सगळे बोलणे वाऱ्यावर गेले असते. उघडली, तर लेकीचा चेहरा समोर येत होता. त्यांनी मूठ उघडली.

त्याने पान भिंतीला लावले. नाव, पत्ता. व्यवसायाच्या रकान्याशी भिंगबाई म्हणाल्या की तो रिकामा ठेवला तरी चालतो. जावई म्हणाला, “रिकामा ठेवला तर तुम्हीच खोडाल,” आणि त्याने लिहिले, ‘फिटर, नौदल गोदी’. खाली सही केली, घाईची, वाकडी, कागदाच्या पाठीवर उमटेल अशी.

जाडजूड गृहस्थ त्याच्या गळ्यातल्या बिल्ल्याकडे बघत होते. “तुम्ही गोदीतले?” त्यांनी विचारले. “आणि तुम्ही सही करताय?”

“दुरुस्तीला इतर बोटीही येतात,” जावई म्हणाला. “माझे हात रिकामे राहणार नाहीत. आणि राहिले तर तेवढ्यासाठी ते बाळगायचं का?”

गृहस्थांनी बायकोकडे पाहिले. बायको केव्हाची पेनाकडेच बघत होती. तिने पहिली सही केली, मग त्यांनी, पुटपुटत.

सहायक बाईने एक एक ओळ बोटाने मोजली. चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी तिने शिक्का मारला. पाचशे, बरोबर पाचशे. “हा पहिलाच अर्ज,” ती म्हणाली, “ज्यात मला खरंच मोजावं लागलं.” ती कौतुकाने म्हणाली की वैतागून, हे भिंगबाईंना समजले नाही.

मंगळवारी सर सकाळीच येऊन बसले. शुक्रवारचा विषय कोणी काढला नाही. दूरदर्शन संचासमोर दोघे बसले. अकरा वाजून चार मिनिटांनी प्रतिनिधी उभे राहिले. गोरेगोमटे, सर्दी झालेले गृहस्थ होते, भिंगबाईंनी त्यांना प्रथमच बोलताना पाहिले. औषधाच्या बाटलीमागचा मजकूर वाचावा तसे त्यांनी वाचले. ‘जे वापरल्यावर माफी मागायलाही’ इथे त्यांना खोकला आला. खोकून झाल्यावर ते ‘कोणी उरणार नाही’ पासून पुढे गेले आणि खाली बसले. बावीस सेकंद. सभागृहात कोणीतरी हसत होते, पण ते दुसऱ्याच कशाला तरी. चार वाजता मतदान झाले. प्रतिनिधींनी पक्षाच्या आदेशाप्रमाणे नूतनीकरणाच्या बाजूने मत दिले. विधेयक प्रचंड बहुमताने पहिली पायरी चढले. दुसरी पायरी, म्हणजे दुसरे मतदान, आठ महिन्यांनी होती.

“बावीस सेकंद,” सर म्हणाले. “एका सेकंदाला तेवीस सह्या पडल्या.”

भिंगबाईंनी संच बंद केला. त्यांना रडू आले असते तर बरे वाटले असते, आला तो नुसता संताप. प्रश्नाचे उत्तर अजूनही मिळाले नव्हते. हुकूम ताडून बघायला कोण बसले आहे?

तीन आठवड्यांनी जावयाची बदली झाली. कामावरून काढले नाही, कारणही दिले नाही. पाणबुड्यांच्या विभागातून हलवून अवजारांच्या कोठारात बसवले. लोकांना नट आवळायचे पाने आणि कानस काढून द्यायची, संध्याकाळी परत मोजून घ्यायची. एकवीस वर्षे ज्याने बोटी उघडल्या, तो आता खिडकीमागे बसला. लेकीला हे जावयाकडून नाही, शेजारच्या फिटरच्या बायकोकडून कळले, आणि सही कुठे, कोणासमोर झाली तेही.

ती आईकडे आली नाही. दहा दिवस फोनही आला नाही. अकराव्या दिवशी, रविवारी, भिंगबाई स्वतःच गेल्या. लेकीने दार उघडले, पाणी दिले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी नेहमीपेक्षा जोरात ठेवायला लागली. जावई टेबलाशी वर्तमानपत्र घेऊन बसला होता. थोड्या वेळाने लेक दारात आली.

“तुझे पाचशे झाले,” ती म्हणाली. “तो माणूस उठला, खोकला आणि बसला. आमचं काय झालं ते बघतेस ना?”

भिंगबाईंना सांगण्यासारखे खूप होते. पेन मी दिले नसते तरी त्यांनी कुठून तरी मिळवले असते, असे म्हणता आले असते. ते खरेही होते. पण मूठ त्यांनी उघडली होती. “बघतेय,” त्या म्हणाल्या.

“आणि आता आठ महिन्यांनी परत?”

“परत.”

लेकीने हात टेकले आणि आत गेली. भिंगबाई जावयाकडे वळल्या. चौदा वर्षांत न विचारलेले त्यांनी आता विचारले, तेही नियमाच्या भाषेतच, कारण दुसरी भाषा त्यांना अशा वेळी सुचत नसे.

“सही मागे घेता येते. दुसऱ्या मतदानाआधी लेखी कळवायचं. तुमचं नाव दप्तरातून निघेल.”

“काय करावं लागतं?”

“अर्ज. तीन प्रतींत. कचेरीत स्वतः जाऊन.”

जावयाने वर्तमानपत्र दुमडले. “मग राहू दे,” तो म्हणाला. “त्या बाईला पुन्हा मोजायला लावायचं म्हणजे छळ झाला.”

भिंगबाई हसल्या नाहीत, पण त्यांचे तोंड वाकडे झाले ते रडण्याने नव्हते. स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज आला, “हसू नका तुम्ही दोघं. मला अजून राग आहे.”

“असू दे,” भिंगबाई म्हणाल्या. “मलाही आहे.”